ही वेठच आहे

ऊस कारखान्याला गेला की चौदा दिवसांच्या आत त्याचं बिल शेतकऱ्याच्या खात्यावर जमा झालं पाहिजे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात तसं लिहिलेलं आहे, आणि उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के दरानं व्याज द्यावं लागेल हेही त्यातच आहे. एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात शाळकरी पोरालाही समजावून सांगावा लागत नाही. दरवर्षी हंगामाच्या तोंडावर जयसिंगपुरात ऊस परिषद भरते. दराचा निकाल लागल्याशिवाय उसाला कोयता लागू द्यायचा नाही असं तिथं ठरतं, आणि बिलं थकली तर माणसं रस्त्यावर बसतात. गोकुळ दूध संघाच्या संस्थेत दूध घालणाऱ्या बाईचं बिल दहा दिवसांचं असतं. ते लांबलं तर ती संस्थेच्या दारात उभी राहून सचिवाला चारचौघांत जाब विचारते. त्यात तिला कसलीही लाज वाटत नाही, आणि वाटण्याचं कारणही नाही. दूध तिनं घातलेलं आहे.

त्याच घरातला मुलगा इंजिनियर होऊन शहरातल्या एका नव्या कंपनीत, म्हणजे ज्याला आज सगळे स्टार्टअप म्हणतात तिथं, कामाला जातो. त्याचा तीन महिन्यांचा पगार झालेला नाही. घरात कुणाला हे माहीत नाही. सकाळी डबा घेऊन तो निघतो, रात्री उशिरा येतो, आणि आईनं विचारलं की "झाला की" एवढंच म्हणतो. गाडीचा हप्ता मित्राकडून उसने घेऊन भरतो, दुसऱ्या मित्राकडून घेऊन पहिल्याचे फेडतो. बापाच्या उसाचं बिल लांबलं तर जो गाव उठून उभा राहतो, त्याच गावचा हा शिकलेला मुलगा नव्वद दिवस फुकट राबतो आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही.

त्याचं तोंड कुणी बंद केलं? मालकाचा त्यात हात आहेच. पण त्याहून मोठा हात आपला आहे. माझा आरोप शिकल्यासवरल्या, मानमरातब जपणाऱ्या, सत्कार करणाऱ्या आणि करून घेणाऱ्या आपल्या समाजावर आहे. पगार थकवणाऱ्याला जी लाज वाटायला हवी होती, ती आपण ज्याचा पगार थकला त्याच्या माथी मारली.

हे घडतं कसं, ते जवळून पाहिलं पाहिजे. कोल्हापुरातल्या राजारामपुरीत एखाद्या दुकानाच्या वर, नाहीतर ताराबाई पार्कातल्या जुन्या बंगल्याच्या दोन खोल्यांत अशी कंपनी उभी राहते. पंधरा-वीस मुलंमुली, भाड्याच्या खुर्च्या, भिंतीवर मोठमोठी स्वप्नं लिहिलेला फळा. पहिलं वर्ष चांगलं जातं. मग एका महिन्यात पगार एक तारखेऐवजी दहाला होतो. पुढच्या महिन्यात अर्धाच होतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर निरोप येतो की जरा टाईट आहे, क्लायंटचं पेमेंट अडकलंय, इन्व्हेस्टरशी बोलणं शेवटच्या टप्प्यात आहे, आपण सगळे एक फॅमिली आहोत, थोडं सांभाळून घ्या. मुलं सांभाळून घेतात. तिसऱ्या महिन्यात निरोपही येत नाही. जो विचारायला जातो त्याला केबिनमध्ये बसवून ऐकवलं जातं, "तुला फक्त पगाराचंच पडलंय का? बाकीचे बघ कसे झोकून देऊन काम करतायत." तो मान खाली घालून बाहेर येतो. ज्याची लाज मालकाला वाटायला हवी होती ती इथं, त्या केबिनच्या दारात, हात बदलते. दोन-तीन मुलं निघून जातात तेव्हा त्यांचं काम उरलेल्यांच्या अंगावर पडतं, आणि त्यालाच "मोठी संधी" असं नाव मिळतं. कुणाला कागदावर शेअर देण्याचं आश्वासन मिळतं. ज्या कंपनीला पगार देता येत नाही तिच्या शेअरचं मोल काय, हे विचारायची त्या मुलाची छाती होत नाही.

आणि सोडून जावं तर तीन महिन्यांचे पैसे अडकलेले. आज राजीनामा दिला तर ते कायमचे गेले, ही भीती. रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही, ही दुसरी भीती. नवी कंपनी जुन्या साहेबाला फोन करून विचारील आणि तो वाईट सांगेल, ही तिसरी. म्हणून तो चौथा महिनाही काम करतो. थकलेला पगारच त्याच्या पायातली बेडी होतो. जितका जास्त थकेल तितकी ती घट्ट.

शाहू महाराजांनी आपल्या कोल्हापूर संस्थानात वेठ बंद केली, हे आपण दरवर्षी २६ जूनला त्यांच्या जयंतीच्या भाषणांतून ऐकतो. वेठ म्हणजे काय होतं? गावात अंमलदार आला की त्याचं ओझं वाहायचं, त्याच्या घोड्याला चारा आणायचा, सरपण फोडायचं, निरोप घेऊन दुसऱ्या गावी पळायचं, आणि त्याची मजुरी मागायची नाही. महार वतनाच्या जमिनीच्या चतकोर तुकड्यानं माणसं पिढ्यान्‌पिढ्या या कामाला बांधलेली होती. तुकडा हातातून जाईल या धाकानं ती राबत. महाराजांनी १९१८ मध्ये ते वतनच मोडलं, कारण बांधून ठेवणारी दोरी कोणती हे त्यांनी ओळखलं होतं. आज माणूस बांधायला जमिनीचा तुकडा लागत नाही, तीन महिन्यांचा अडकवलेला पगार पुरतो. कुणी म्हणेल, ही तुलना अतिरेकी आहे, त्या मुलाला सोडून जायला कुणी अडवलंय? जातीच्या जाचाशी त्याच्या दुःखाची बरोबरी मी करत नाही, ती करूही नये. पण मोबदला न देता काम करून घेणं आणि मोबदला मागणाऱ्यालाच अपराधी ठरवणं ही रीत तीच आहे. तिला दुसरं नाव द्यायला मी तयार नाही.

पगार अडकवून माणूस धरून ठेवण्याची युक्तीही नवी नाही. मुंबईच्या गिरण्यांत सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी हेच चाले. कामगार सोडून जाऊ नये म्हणून त्याचा पगार कित्येक आठवडे मागे ठेवला जाई. महात्मा फुल्यांचे सहकारी, सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळला गिरणी कामगारांची सभा घेतली आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. रविवारच्या सुट्टीसाठी आपण लोखंड्यांची आठवण काढतो. पण त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती, झालेल्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. त्या सह्या करणाऱ्यांत अनेकांना लिहिता-वाचता येत नसणार. तरी आपला घामाचा पैसा तारखेवर मागण्यात कमीपणा नाही, हे त्यांना कळत होतं. आपल्या अभियंत्यांना ते कळत नाही.

त्या मागणीला पुढे कायद्याचं रूप आलं. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यानं हजारापेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेत पगार सात तारखेच्या आत द्यायचं बंधन घातलं. त्या कायद्याला पगाराची मर्यादा होती, शेवटी ती महिना २४,००० रुपयांची होती, त्यामुळे "आम्हाला तो लागू नाही" असं म्हणायला जागा होती. २०१९ ची वेतन संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आणि ती जागाही गेली. हुद्दा कोणताही असो, पगार कितीही असो, महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेपर्यंत झाला पाहिजे, आणि नोकरी सोडली, काढून टाकलं किंवा कंपनी बंद पडली तर हिशेब दोन कामाच्या दिवसांत चुकता झाला पाहिजे. भविष्य निर्वाह निधीचं तर आणखी गंभीर आहे. पगारातून पीएफ कापून घेतला आणि तो भरलाच नाही, तर ती नुसती थकबाकी राहत नाही, फौजदारी कायद्याच्या लेखी तो विश्वासघाताचा गुन्हा ठरतो. सरकारी पासबुक मोबाईलवर दोन मिनिटांत पाहता येतं. किती मुलं पाहतात? महिन्याच्या चिठ्ठीवर कपात छापलेली असते, आणि पासबुकात आठ-आठ महिन्यांचे रकाने रिकामे असतात.

कामगार खात्याचं कार्यालय कोल्हापुरात आहे. भविष्य निर्वाह निधीचं कार्यालयही आहे. ज्या शहरात गोविंद पानसऱ्यांनी आयुष्यभर कामगारांची वकिली केली, त्या शहरात कामगार कायदा सांगणारा माणूस मिळत नाही असं कुणी म्हणू नये. मग ही मुलं तिकडे का जात नाहीत? कारण आम्ही त्यांना शिकवलं की तुम्ही कामगार नाही. कामगार म्हणजे फौंड्रीत वाळू उपसणारा, इचलकरंजीत मागावर बारा तास उभा राहणारा, हुपरीत चांदीच्या पट्ट्या घडवणारा. तुम्ही प्रोफेशनल. कामगार खात्याच्या बाकावर त्या माणसांच्या शेजारी बसायचं म्हटलं की यांच्या पोटात गोळा येतो. गळ्यातल्या ओळखपत्राचा हा अभिमान त्यांना फार महागात पडतो आहे. उद्यमनगरातल्या लेथवरच्या माणसाचा आठवडा थकला तर तो शनिवारी संध्याकाळी मालकाच्या टेबलासमोरून हलत नाही. शिक्षणानं हे धाडस वाढायला हवं होतं. आपण दिलेल्या शिक्षणानं ते काढून घेतलं.

या शिकलेल्या मुलांनाही मला एक गोष्ट सुनवायची आहे. तुमच्या कचेरीत रोज सकाळी फरशी पुसणारी, चहा करणारी मावशी असते. पाच-सहा हजारांवर राबणारी ही बाई. पैसे आटले की पहिली कुऱ्हाड तिच्यावर पडते. "पुढच्या महिन्यात या मावशी" असं सांगून तिला दोन महिने फिरवतात. तुमच्यापैकी किती जणांनी विचारलं, मावशी, तुमचा पगार झाला का? तिच्यासाठी जो बोलत नाही त्याच्यासाठी तरी कोण बोलणार? तुमच्यावर जे आलं त्याची सुरुवात तिच्यापासून झाली होती, आणि तुम्ही ते डोळ्यांनी पाहत होता.

बुडण्याला मी पाप म्हणत नाही, हे इथं स्पष्ट केलं पाहिजे. नवा धंदा काढणाऱ्या माणसाविषयी मला आदर आहे. त्यातले पुष्कळ बुडतात, आणि ते बुडण्याची तयारी ठेवूनच उभे राहिलेले असतात. या गावाला तर त्याची परंपरा आहे. बाबूराव पेंटरांनी नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमाचा कॅमेरा स्वतः तयार केला. ज्यांच्याबरोबर सिनेमाचं स्वप्न पाहिलं ते चुलतभाऊ आनंदराव १९१६ मध्ये वारले, तरी बाबूराव थांबले नाहीत. त्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीला पैसा दिला तो तानीबाई कागलकर या गायिकेनं. प्रतिष्ठित घरांतली बाई पडद्यावर यायला तयार नव्हती, ज्या आल्या त्यांना समाजानं बोल लावले, आणि तरीही १९२० मध्ये 'सैरंध्री' झाला. त्याच कंपनीत घडलेले दामले, फत्तेलाल, शांताराम बाहेर पडले आणि १९२९ मध्ये धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह त्यांनी इथंच 'प्रभात' काढली. शिवाजी उद्यमनगरातले कारागीर परदेशी ऑईल इंजिन उघडून, त्याचे भाग समजून घेऊन स्वतःची इंजिनं बनवू लागले, तेही असंच. यांतल्या कुणाची उद्याची खात्री नव्हती. अनिश्चितता हा नव्या उद्योगाचा धर्मच आहे. ती ज्यानं पत्करली त्यानं ती सोसावी. पण नफ्यात वाटा एकाचा आणि अनिश्चितता सगळ्यांची, ही वाटणी कुठल्या न्यायात बसते? मालकाला कंपनी वाढली तर कोट्यवधी मिळणार आहेत, म्हणून त्यानं जोखीम घेतली. तीस हजारांवरच्या मुलीला कंपनी वाढली तरी तीसचे पस्तीस होणार आहेत. तिच्या पगारावर जोखीम टाकण्याचा अधिकार त्याला कुणी दिला?

म्हणून बुडणं क्षम्य आहे, लपवणं क्षम्य नाही. खात्यात चार महिन्यांचा पगार उरला आहे हे मालकाला कळतं, त्या दिवशी ते सगळ्यांना कळलं पाहिजे. त्या दिवशी सांगितलं तर मुलं नवं काम शोधू शकतात, खर्च आवरू शकतात, कर्ज काढायचं थांबवू शकतात. खातं रिकामं झाल्यावर सांगणं म्हणजे त्यांचे ते चार महिने चोरणं. मोठमोठ्या कंपन्यांनीही हेच केलं. बंगळुरूची बायजूज २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलरची म्हणून जगभर गाजली, आणि २०२४ मध्ये तिथं पगार रखडले, त्याच वर्षी जुलैत दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. दिवाळखोरीच्या कायद्यात कर्मचाऱ्यांच्या थकलेल्या पगाराला रांगेत बरी जागा आहे, पण ती रांग वर्षानुवर्षं सरकत नाही आणि तोवर पोराच्या शाळेची फी थांबत नाही.

इतकं बोलल्यावर मालकाच्या वतीनंही एक खरी गोष्ट सांगितली पाहिजे, आणि ती या शहरातल्या बड्यांना झोंबणार आहे. या छोट्या कंपन्यांचे पैसे अडकवतं कोण? सॉफ्टवेअर करून घेणारे, वेबसाईट करून घेणारे, हिशेबाची प्रणाली बसवून घेणारे कारखानदार, दुकानदार, रुग्णालयं, शिक्षणसंस्था. काम झालं की "बिल पाठवा, बघू", मग साहेब बाहेरगावी, मग मार्च एंड, मग दिवाळी. २००६ च्या सूक्ष्म, लघू व मध्यम उद्योग कायद्यानं अशा पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायला सांगितलं आहे, उशीर झाला तर चक्रवाढ व्याजही लावलं आहे. पण छोट्या कंपनीचा मालक मोठ्या गिऱ्हाईकाकडे व्याज मागत नाही, कारण पुढचं काम जाईल. त्याची भीती आणि त्याच्या मुलांची भीती एकाच जातीची. वरचा खालच्याचं अडवतो, तो त्याच्या खालच्याचं अडवतो, आणि सगळ्यांत खाली ती फरशी पुसणारी मावशी उभी असते. पेढीवर बसून दुसऱ्याचे पैसे सहा-सहा महिने वापरणारी माणसं आपल्याकडे व्यवहारी म्हणून नावाजली जातात. अंबाबाईच्या दारात त्यांच्या नावाच्या पावत्या फाटतात. त्या पावतीतला कितवा रुपया कुणाच्या थकलेल्या पगाराचा आहे, हे देवळाच्या पायरीवर बसून त्यांनी स्वतःला विचारावं.

शाहू महाराजांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्या गंगाराम कांबळे यांना हॉटेल काढायला मदत केली ही गोष्ट आपण कौतुकानं सांगतो. राजवाड्याच्या पागेत नोकरीला असताना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली होती. महाराजांनी भांडवल दिलं आणि तेवढ्यावर थांबले नाहीत. ते स्वतः त्या हॉटेलात जाऊन चहा प्यायले, सोबतच्या मानकऱ्यांनाही पाजला. नवा धंदा बुडतो तो पैशाअभावी तसाच समाजानं पाठ फिरवल्यामुळेही, हे त्या माणसाला समजत होतं. आज आपण काय करतो? तरुणानं कंपनी काढली की रोटरीत, चेंबरमध्ये, कॉलेजच्या स्नेहसंमेलनात त्याला शाल-श्रीफळ देतो, फोटो काढतो, आणि त्याचं सॉफ्टवेअर घ्यायची वेळ आली की पुण्याच्या कंपनीकडे जातो. नाहीतर त्याच्याकडून घेतो आणि बिल अडकवतो.

आता घरात या. लग्नाच्या बायोडेटावर पॅकेज लिहायची रीत आपण पाडली. मुलगा काय वाचतो, कसा बोलतो, आईबापाशी कसा वागतो, हे नंतर. आधी आकडा. साखरपुडा झालेला असतो, हॉल ठरलेला असतो, आणि दोन महिन्यांपासून पगार नसतो. सासरकडच्यांना कळलं तर सोयरीक मोडेल, म्हणून घर मिळून खोटं बोलतं. ज्या घरानं या मुलाला जवळ बसवून "घाबरू नकोस" म्हणायला हवं, त्या घराचाच त्याला धाक वाटतो. "पुण्याला गेला असतास तर?", "स्पर्धा परीक्षा द्यायला सांगत होतो", "अमक्याचा मुलगा बँकेत चिकटला बघ." असं एकेक वाक्य त्याच्या डोक्यावर आदळतं. सरकारी नोकरी म्हणजे माणूस आणि बाकी सगळं तात्पुरतं, असं मानणाऱ्या घरातला मुलगा पगार थकल्याचं कधीच सांगणार नाही. तो गोल्ड लोन काढेल. मोबाईलवर पाच मिनिटांत कर्ज देणाऱ्या अ‍ॅपकडे जाईल, आणि वसुलीचे फोन त्याच्या नातेवाइकांना जाऊ लागतील तेव्हा घराला पहिल्यांदा कळेल.

मुलींचं दुःख तर नोंदलंही जात नाही. तिचा पगार म्हणजे वरखर्चाला, अशी आपली समजूत. तो थांबला की "बरं झालं, आता घराकडे बघ" म्हणतात. तिचे ९०,००० रुपये कंपनीकडे अडकलेले असतात आणि घरात त्याची चर्चासुद्धा होत नाही. नवऱ्याचे अडकले असते तर सासऱ्यांनी वकील गाठला असता.

वाट पाहणं कुणाला परवडतं, याचाही विचार करा. ज्याच्या मागं बागायती जमीन आहे, स्वतःचं घर आहे, बाप निवृत्त प्राध्यापक आहे, तो सहा महिने बिनपगारी काढतो आणि पुढे "मी तेव्हा टिकून राहिलो" म्हणून मुलाखत देतो. ज्याची आई दुसऱ्याच्या शेतात भांगलायला जाते आणि जो घरात पहिल्यांदा पदवीधर झाला, त्याला दुसरा महिना काढता येत नाही. तो निघून जातो, डिलिव्हरीची पिशवी पाठीला लावतो, आणि आपण म्हणतो त्याच्यात दम नव्हता. १९०१ पासून महाराजांनी या गावात जातीजातींची वसतिगृहं काढली ती अशाच मुलांसाठी. राहण्या-जेवण्याची चिंता डोक्यावर असताना माणसाची बुद्धी काम करत नाही, हे ओळखून. त्या वसतिगृहांतून शिकून वर आलेल्यांच्या नातवंडांनी आज गरिबांच्या मुलांसाठी दार पुन्हा लावून घेतलंय. फी न घेता, प्रवेश न नाकारता, नुसतं पगार लांबवून.

एकेकाळी या महाराष्ट्राला हे समजत होतं. १९७२ च्या दुष्काळात गावोगावी कामं निघाली. सांगली जिल्ह्यातल्या विसापूरच्या वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना पुढे १९७७ मध्ये कायदा झाली. त्यासाठी पैसा कुठून आला? १९७५ च्या व्यवसाय कराच्या कायद्यातून. नोकरदाराच्या पगाराच्या चिठ्ठीवर दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात, त्याचं मूळ हे आहे. शहरातल्या पगारदारानं दुष्काळातल्या मजुराच्या कामासाठी वाटा द्यायचा असं या राज्यानं ठरवलं. हाताला काम नसणं हा त्या माणसाचा दोष नाही, सगळ्यांची जबाबदारी आहे, हे एका कायद्यानं मान्य झालं. पन्नास वर्षं झाली. आज तोच कर भरणारा मुलगा बेकार झाला तर त्याच्यासाठी काय आहे? ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विम्यात नाव असेल तर अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेतून ९० दिवस अर्ध्या पगाराएवढा भत्ता मिळतो. पण ईएसआयची पगाराची मर्यादा महिना २१,००० रुपयांची. तो पंचवीस हजारांवर असेल तर काहीच नाही. अशा मुलांसाठीही आधार राज्य सरकारकडे मागितला पाहिजे, आणि मागायला आमदार-खासदारांच्या दारात आईबापांनी जायला हवं. ऊसदरासाठी जातात तसं.

सरकार देईल तेव्हा देईल. गावानं आपल्यापुरतं काय करायचं ते आजपासून करता येतं. कोल्हापुरात जेवढ्या गल्ल्या तेवढ्या पतसंस्था आणि तेवढ्याच तालमी. पगार थकलेल्याला त्याच्या चिठ्ठीवर, सोन्याशिवाय आणि कमी व्याजानं तीन महिन्यांची उचल देणं पतसंस्थांना अवघड नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा तालमीची पोरं नावा घेऊन घरोघरी गेली होती, कुणाची जात विचारली नव्हती. पाणी दिसत होतं म्हणून गेली. थकलेला पगार दिसत नाही, म्हणून तो बोलून दाखवला पाहिजे. तालमीच्या कट्ट्यावर ज्या दिवशी एक पोरगा "माझा दोन महिने पगार नाही" असं मोठ्यानं म्हणेल आणि बाकीचे हसणार नाहीत, त्या दिवशी अर्धं काम होईल.

मुलांनो, तुम्हाला मी एवढंच सांगतो. पगार चांगला चालू असतानाच चार-सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवायला लागा, आधी ते आणि मग नवी गाडी. पगार लांबला की पहिल्याच महिन्यात ईमेलवर विचारा, तोंडी नको. नेमणूकपत्र, पगाराच्या चिठ्ठ्या, हजेरी, कामाचे निरोप यांच्या प्रती घरी ठेवा, कारण कंपनीचा ईमेल एका रात्रीत बंद होतो. कंपनीच्या खर्चासाठी स्वतःचं क्रेडिट कार्ड देऊ नका, कुणाच्याही कर्जाला जामीन राहू नका. दुसरा महिना कोरडा गेला तर दुसरं काम शोधायला लागा आणि त्यात फितुरी मानू नका. सगळ्यांत मुख्य म्हणजे एकटे जाऊ नका. पंधरा जणांच्या सह्या असलेला एक अर्ज कामगार कार्यालयात गेला तर त्याची दखल घ्यावी लागते. त्या पंधरांत मावशीचा अंगठा पहिला असू द्या.

आणि शिवाजी विद्यापीठापासून आमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांपर्यंत जे प्लेसमेंटचे आकडे जाहिरातीत छापतात, त्यांनी मुलाखतीला कंपनी बोलावण्याआधी तिच्या पीएफच्या पावत्या मागवाव्यात. मागचे सहा महिने पगार कोणत्या तारखेला झाला हे लेखी घ्यावं, आणि मुलं कामाला लागल्यावर वर्षभर त्यांना फोन करून तेच विचारावं. ज्या कंपनीत पगार रखडला तिला पुढच्या वर्षी फाटकातून आत घेऊ नये. सत्कार करणाऱ्या संस्थांनी निमंत्रणपत्रिका छापायच्या आधी त्या तरुण उद्योजकाच्या कचेरीत एक माणूस पाठवावा. त्यानं केबिनमध्ये जाऊ नये. बाहेरच्या टेबलांवरच्या मुलांना आणि चहाच्या खोलीतल्या मावशीला भेटावं, आणि सात तारखेला त्यांच्या खात्यावर पैसे जमा झाले होते का, एवढंच विचारून यावं.